नव्वद अँपिअर

३ मार्च, सोमवार

गाडी चौथ्या गावातूनच परत आली. डोळे तपासायचं नवं मशीन दर तिसऱ्या माणसाला बंद पडतं. मशीन नवं, गाडी एकवीस वर्षांची. काच घासायचं चाक सुरू केलं की मागच्या खोक्यातले दिवे मिणमिणायला लागतात आणि मशीन मान टाकतं.

बायको होती तेव्हा सगळं हातानं चालायचं. एकोणीस वर्षं हिनं ही फेरी केली — अकरा गावं, सोमवारी निघायची, गुरुवारी परत. ज्यांना शहरात जाऊन चष्मा करणं जमत नाही त्यांच्या दारात पिकअप उभी. ही गेल्यापासून चार महिने लेक करते आहे. शिक्षण तेच, हातही तसाच.

चहा ढवळता ढवळता लेकीनं सांगितलं, चष्म्यांच्या एका मोठ्या दुकानातून पत्र आलंय. नऊ ते सहा, रोज संध्याकाळी घरी. बावीस तारखेपर्यंत कळवायचं. "ही गाडी आता नीट नाही व्हायची, बाबा."

मी बरं म्हणालो. मला ऐनवेळी दुसरा शब्द सुचत नाही.

४ मार्च

ठिणगीकडे गेलो. गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, ते कोणी वाचत नाही. हिची गाडी पहिल्यापासून त्याच्याकडेच.

त्यानं बॉनेट उघडून एका मिनिटात निदान केलं. बॅटरी भरणारा अल्टरनेटर पस्तीस अँपिअरचा, आणि मशिनं पन्नास मागतात. व्होल्टेज सांभाळणारी डबी, म्हणजे कटआऊट, तीही जुन्या काळची. नवा अल्टरनेटर नव्वदचा बसवायचा, त्याचा कटआऊट त्याच्या पोटातच असतो. दोन तासांचं काम, म्हणाला. साहेबांनी घरी बसून पेपर वाचावा.

म्हटलं, मी इथेच बसतो.

"बसा. फक्त शिकवू नका."

६ मार्च

पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं नकाशे काढले. आज गाडीच्या वायरिंगचा काढला. माहितीपुस्तक समोर ठेवून, मोठ्या शीटवर, तीन रंगांत. मग अंगणात उभ्या गाडीत एकेक वायर शोधायची, सापडली की हिरवी खूण. सकाळी बसलो तो लेक जेवायला हाक मारेपर्यंत. चार महिन्यांत पहिल्यांदा घड्याळ बघायचं राहिलं.

ठिणगीनं शीट उलटसुलट करून पाहिली. "भिंतीला लावायला छान आहे," म्हणाला.

८ मार्च

आज भांडलो! मी!

ठिणगी नवा अल्टरनेटर जुन्याच वायरला जोडायला निघाला होता. माझ्या नकाशात ती वायर अल्टरनेटरपासून डॅशबोर्डवरच्या अँपिअरच्या काट्यापर्यंत जाते आणि तिथून वळून बॅटरीकडे येते. सगळा करंट त्या बारीक वायरीतून, हिच्या गुडघ्याजवळून. पस्तीसला ठीक होतं. नव्वदला?

मला विजेतलं कळत नाही. पाइपातलं कळतं. पंप मोठा केला आणि पाइप जुनाच ठेवला तर काय होतं ते मी स्वतः पाहिलंय, रस्ता खणून काढावा लागला होता. हेच त्याला सांगितलं. तो म्हणाला, बत्तीस वर्षं हे काम करतोय. मी म्हणालो, लेक त्या सीटवर बसणार आहे.

बराच वेळ तो वायर बोटांत चोळत राहिला. मग म्हणाला, "जाड केबल लागेल. थेट बॅटरीला. मधे फ्यूज." आणि पुढे, माझ्याकडे न बघता, "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे."

घरी येताना उगाच लांबच्या रस्त्यानं आलो.

१० मार्च

अल्टरनेटर फिरवणारा पट्टा आखूड निघाला. काम बंद.

१३ मार्च

सगळं बसलं, आमच्याच अंगणात. केबलची टोकं मी दाबली, नट मी आवळले. हात कोपरापर्यंत काळे. लेकीनं दारात उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, साबण आत न्यायचा नाही, बाहेरच्या नळावर जा. अगदी हिच्यासारखी.

गाडी सुरू केली. बॅटरीला मीटर लावला. बारा पूर्णांक दोन व्होल्ट. चौदाच्या वर जायला हवा. तो खाली खाली जायला लागला. बाराला आला.

बॅटरी भरतच नाही!

१४ मार्च

ठिणगीनं अल्टरनेटर काढून विकणाऱ्याकडे तपासून आणला. उत्तम चालतो. पुन्हा बसवला. पुन्हा बारा. मी नकाशा तीनदा तपासला. सगळीकडे हिरव्या खुणा.

लेकीनं दुकानाचं पत्र फ्रीजवर लावून ठेवलंय. आठ दिवस उरले.

१५ मार्च

ठिणगी सकाळी स्वतःच घरी आला. रात्रभर डोक्यात हेच होतं म्हणे. गाडीची चावी अर्धी फिरवली की चार्जिंगचा लाल दिवा लागतो का, त्यानं विचारलं.

म्हटलं, दिवा आहे, नकाशात आहे, हिरवी खूण केलेली आहे.

"नकाशात नको हो साहेब. डॅशबोर्डवर."

चावी फिरवली. दिवा लागला नाही. ठिणगी म्हणाला, हा नवा अल्टरनेटर झोपलेला असतो, त्या दिव्यातून चिमूटभर करंट येतो तेव्हा जागा होतो. जुन्याला त्याची गरज नव्हती, म्हणून इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. डॅशबोर्ड उघडला. दिव्याची जागा रिकामी. बल्ब उडाला नव्हता — बल्ब नव्हताच!

आणि मी खूण केली होती. पुस्तकात दिवा आहे, म्हणजे गाडीत असणारच. सबंध नोकरीत इंजिनिअर लोकांना हेच सांगत आलो, जागेवर जाऊन बघा.

बल्ब कुठे गेला हे लेकीला माहीत होतं. "आईनं काढला. तुम्ही शेजारी बसलात की दर वळणावर विचारायचात, हा लाल का, थांबूया का. ती म्हणाली, याच्या जिवाला घोर नको."

ठिणगी हसायला लागला. मीही हसलो. नवा बल्ब घातला, गाडी सुरू केली. मीटर चढला. तेरा. साडेतेरा. चौदा पूर्णांक दोन. तिथे थांबला तो हललाच नाही.

१६ मार्च

हिनं स्वतःच्या आजाराचे रिपोर्टही असेच काढून लपवले होते. सात आठवडे. माझ्या जिवाला घोर नको म्हणून.

आज पहिल्यांदा तिचा राग आला. खूप आला. दुपारभर टिकला. मग हातपाय धुऊन गाडीचं मागचं खोकं पुसून काढलं.

१९ मार्च

चाचणी. अंगणात गाडी सुरू ठेवून दोन्ही मशिनं, पंखा, सगळे दिवे, सलग पाच तास. लेकीनं आळीतल्या सत्तावीस जणांचे डोळे तपासले. ठिणगीचेही. तो आठ वर्षं चुकीच्या नंबरचा चष्मा घालत होता! "म्हणजे त्या वायरचा दोष माझा नव्हता," म्हणाला.

मी मीटरपाशी खुर्ची टाकून बसलो होतो. मशीन एकदाही अडखळलं नाही. दिवे तसूभर मंदावले नाहीत. केबलला दर अर्ध्या तासानं हात लावून पाहिला. गार.

निघताना ठिणगीनं नकाशाची प्रत मागितली. दुकानात लावायला. दिव्याच्या जागी बल्ब खरोखर बसवल्याची तारीख घालून दिली. खाली सही केली. निवृत्त झाल्यापासून नकाशावर केलेली पहिली सही.

२२ मार्च

लेकीनं दुकानाला फोन करून नाही कळवलं. मी आतल्या खोलीत होतो. सगळं ऐकू आलं. बाहेर आलो नाही, चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

२४ मार्च, सोमवार

सात वाजता निघाली. गाडीत बसून काच खाली केली आणि म्हणाली, "मशीन हे निमित्त होतं, बाबा. तुम्हाला तीन रात्री एकटं सोडून मला जायचं नव्हतं. गाडी नीट व्हायची नाही असं धरूनच चालले होते. तुम्ही निमित्तच ठेवलं नाहीत."

मी म्हणालो, जा.

गेली. घरात कोणी नाही. हे मी माझ्या हातांनी केलं आहे. आणि चोख केलं आहे.