दोनदा धुतलेली खडी

कळसाडी, शुक्रवार

चिरंजीव भिला यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझे गुडघे उठता-बसता वाजतात असं कळलं. वाजू दे, निदान तू आलास हे घरातल्यांना समजतं. इकडे सगळे बरे आहेत, फक्त सून सीमा तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. फोन केला असता, पण फोनला अख्खं घर कान लावतं.

तर आमच्या गोठ्याचा स्लॅब पाडला. मलबा माझा चंदन रस्त्यातल्या खड्ड्यात टाकणार होता, पण त्याच्या पोरीने, रंजिताने (इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष, आठवत असेल तर) त्यातली चार पोती फोडून, चाळून घेतली. जुन्या मलब्याची खडी नव्या काँक्रिटला चालते का, हे तिला कॉलेजात दाखवायचं आहे. अडचण अशी, की त्या खडीला जुना सिमेंटचा मसाला चिकटलेला असतो, भोकाभोकांचा, आणि तो पाणी पितच राहतो (तुझे व्याही आमच्याकडे चहा पितात तसा). म्हणून खडी सिमेंटच्या पातळ घोळात बुडवायची. घोळात नॅनो सिलिका नावाची पावडर, गिरणीत उडणाऱ्या पिठाहून बारीक. ती भोकांत जाऊन बसते आणि खडी ताकद धरते. मला पटलं नव्हतं, पण मला विचारलं कोणी?

मंगळवारी तिने खडी घोळातून काढली, ओसरीत गोणपाटावर पसरली आणि जेवायला आत गेली. येऊन बघते तर खडी लख्ख! सगळा लेप मोरीतून गेलेला. "कोनी धुई टाकी?" म्हणून पोर ओरडली. मी म्हटलं, "तुन्ही मायले इचार, तिलेच धुवानी हौस शे." सीमा गप्प राहिली (बोलली असती तर बरं झालं असतं). तीच खडी पुन्हा बुडव म्हटलं, तर ते कॉलेजात चालत नाही म्हणे. बाकीचा मलबा चंदनने खड्ड्यात घालूनही टाकला. त्या खडीच्या काँक्रिटचे ठोकळे पाडून अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मग मशीनखाली फोडायचे. परीक्षेला तेहतीस दिवस आहेत. पुढचं तू समज, तू सातवी शिकलास, मी दुसरी.

तुझी,
मंगलाअक्का

ता.क. हे पत्र आणणारा ललित तुझ्या दारात रिकामा टेम्पो घेऊन उभा असेल. घरामागे पडलेल्या हौदाचा मलबा तू दोन वर्षं कुणाला हात लावू देत नाहीस. त्यातली चार पोती भर. हौद काही परत उभा राहत नाही.

ता.क. दुसरा. खडी मी धुतली. तीस वर्षांपूर्वी तो स्लॅब ओतला, तेव्हा उदेसिंग मिस्त्री धुतल्याशिवाय खडी कालवू देत नसे. हीच खडी तेव्हाही मीच धुतली होती. ओसरीत चिखल माखलेली दिसली, हात गेला.

ता.क. तिसरा. ललित चहा पितो आहे तोवर रंजिताला खरं सांगून टाकलं. रागावली नाही. म्हणाली, "आजी, तू धुयेल खडीना बी ठोकळा पाडसू." त्यावर खिळ्याने माझं नाव कोरणार आहे. मंगलाबाई किती वजनाखाली फुटते, ते महिन्याने कॉलेजच्या कागदावर येईल. सीमाने तीन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं: "मी बी येसू देखाले."