काचेच्या बशीतली ताई

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. मांडी पुन्हा ठणकतेय, जखमेतून पाणी येतंय, आणि तरी तू डॉक्टरांना सांगून आलीस की माझा भाऊ औषध शोधतोय, तोवर ऑपरेशन नको. वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या प्रयोगशाळेत तू सगळ्यांच्या तोंडी असतेस, हे तुला कधी बोललो नाही. तुझ्या जखमेतून घेतलेले जंतू मी इथे वाढवतो. तुझ्या हाडातल्या सळईवर ते चिकट थर धरून बसलेत, तसाच थर इथे काचेच्या बशीत धरतात. आपल्या पाण्याच्या पिंपाला आतून बुळबुळीत थर यायचा ना, तसा. तू खांद्यापर्यंत हात घालून तो घासायचीस आणि मी नुसतं पाणी ओतून पाहायचो. इतका हट्टी थर दुसऱ्या कुणाचाच नाही, म्हणून बरोबरच्यांनी त्याचं नावच ‘ताई’ ठेवलं. ताईला खायला घातलं का, ताई आज कुणाला दाद देत नाही, अशी थट्टा चालते. मीही हसतो. त्या ताईकडे मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा जातो. तुला भेटून मात्र वर्ष होत आलं.

गेल्या महिन्यात नव्या औषधाने तो थर विरघळला. कुणीतरी म्हणालं, गेली एकदाची ताई, आणि सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. त्याच भरात तुला फोन करून सांगितलं, थोडं थांब. पण तो थर काचेवरचा होता, कोवळा. तुझ्या सळईसारख्या पोलादावर तो जुना होऊ दिला, तेव्हा औषधाने त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. हे कळून पंधरवडा झाला. तू शेजारीपाजारी माझं कौतुक सांगत होतीस आणि मी मूग गिळून बसलो होतो. लाज वाटते गं.

म्हणून लिहितोय. माझी वाट पाहू नकोस. औषध माणसांपर्यंत यायला वर्षं जातील, तेवढा धीर तुझ्या हाडाला नाही. उद्याच डॉक्टरांना होकार दे. ते सळई काढतील, हाड घासून साफ करतील. मी येतोय, चांगला महिनाभर राहीन. आणि एक सांगूनच टाकतो. निघालेली सळई घेऊन ये, असा थर पुन्हा मिळायचा नाही, असं आमचे सर म्हणाले, आणि माझ्या तोंडून नकार निघाला नाही. तिथे येऊन मी ती मागेन, हे मला आत्ताच कळतंय. तू मागचापुढचा विचार न करता देशील, हेही. नाही म्हण, ताई. एकदा तरी मला नाही म्हण.

तुझाच,
धाकटा