आजीनं विचारलं, दिवस हाय का?

सोमवार, ८ डिसेंबर
डोळ्याच्या वॉर्डात ड्यूटी लागली. पाच नंबरच्या खाटेवर शिरपूरच्या आजी, जैन. उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. दोन्ही डोळ्यांनी नुसता उजेड-अंधार कळते. शुगर आहे, दोन वेळा इन्सुलिन. लग्न झाल्यापासून दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नाही म्हणे.
आजीनं गाव विचारलं. म्हटलं मेडशी. मग आडनाव. सांगितलं, अन् वाटलं आता हात आखडते. तर म्हणे, "तुमच्यात पंचशील म्हन्तेत ना? मंग तू खोटं नाई बोलणार. मले दिवस मावळला का ते तूच सांगत जाय."
लय बरं वाटलं. घरी फोन करून आईले सांगितलं.

मंगळवार, ९
काय करून बसली मी.
ऑपरेशन चांगलं झालं. आजीच्या डोळ्यावर पट्टी. सव्वापाचले इन्सुलिन दिलं. डबा समोर पाहायचा अन् मगच सुई, हे नर्सिंगच्या मॅडमनं दहादा शिकवलं. पण आजीची सून काल पाचच्या आतच डबा घेऊन आली होती, म्हणून मी पाहिलंच नाही. आज एस.टी. रस्त्यात बंद पडली. सून धापा टाकत आली तवा सहाले पाच कमी. खिडकीतून पाहिलं, सूर्य गेलेला. सुई पोटात, अन् पोट रिकामं. शुगर उतरली तं बाई हातची जाईन.
आजीनं विचारलं, "पोरी, दिवस हाय का?"
मी म्हटलं, "हाय आजी. जेवा तुमी."
सून माह्या तोंडाकडे पाहत राह्यली. तिनंच घास भरवला. दोन पोळ्या, मुगाची डाळ. शुगर बरोबर राह्यली.
आवाजही हालला नाही माझा. खोटं इतकं सोपं असते?

बुधवार, १०
शाहीनले सांगितलं. रूममेट आहे, वाशिमचीच. म्हणे, "अगं, बीमाराले तं रोजाही माफ असते. जान पहले." हायसं वाटलं. मग केस विंचरता विंचरता म्हणे, "पर ते तिनं ठरवायचं ना? तू सांगायचं होतं, आजी, सूर्य गेला, माही चूक झाली, आता बोला."
अन् सलाइनमधून ग्लुकोज देता आलं असतं. डॉक्टर होते वॉर्डात. हे तवाच सुचलं होतं मले. सुचलं होतं! पण डॉक्टरले बोलावलं असतं तं सुई आधी काहून दिली, हे सांगावं लागलं असतं.
मॅडमकडे गेली, सगळं सांगितलं. सुईसाठी झापलं, लय झापलं. खोट्याचं म्हणाल्या, "ते बरं केलंस, वेळ निभावली." मले वाटलं होतं त्याच्यासाठीच जास्त बोलतीन.
सकाळी आजीची पट्टी निघाली. माह्याकडे पाहून म्हणे, "अशी हाय व्हय तू." संध्याकाळी मले काही विचारलं नाही. स्वतः उठून खिडकीशी गेली.

गुरुवार, ११
आजीले सुट्टी झाली. सुनेनं सकाळीच जिन्यात गाठलं. "ताई, सांगू नका बरं. मागं एकदा चुकून दिवस मावळल्यावर घास गेला होता, तं प्रायश्चित्त म्हणून तीन दिवस निर्जळ राह्यल्या. तवा शुगर नव्हती. आता जीव जाईन." मी हो म्हटलं.
निघताना आजीनं जवळ बसवलं. "परवा मले मशिदीतली अजान आयकू आली होती. ती अजान दिवस बुडल्यावरच होते, मले ठाऊक हाय. पण तू हाय म्हनली. मी म्हनलं, पोरगी कायले खोटं बोलन, माहेच कान गेले." मग हळूच, "झाली होती का गं अजान?"
मागून सून नको नको करून राह्यली. मी तिच्या औषधाच्या पिशवीले गाठ मारत बसली.
आजी म्हणे, "राहू दे. पुढल्या गुरुवारी डोळा दाखवाले येतो, तवा सांग."
स्वतःच्या कानाले खोटं ठरवलं तिनं, माह्यासाठी. दिवसभर हेच डोक्यात. जेवण गेलं नाही.

बुधवार, १७
पाच दिवस लिहिलं नाही. रोज सकाळी पंचशील म्हणते, चौथ्या शीलावर आवाज बसते. चौथं खोटं न बोलण्याचं. अन् पहिलं कोणाचा जीव न घेण्याचं. दोन्ही एकाच दमात म्हणत आली लहानपणापासून, कधी भांडले नव्हते.
बाबांले फोनवर विचारलं. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणे, "तू नर्स होऊन राह्यली, मी नाही."
मॅडमले विचारलं, आजीनं उपास धरला तं मी शिरपूरले रोज जाऊन शुगर तपासू का? मॅडमनं चष्मा काढला. "म्हणजे तू सांगणारच?" म्हटलं, माहीत नाही. त्यांनी कपाटातून शुगरची मशीन काढून दिली.
मशीन पिशवीत ठेवली. शिरपूरच्या गाडीची वेळही पाहून ठेवली. उद्या दहा वाजता आजी येणार. तिनं विचारलंच नाही तं काय करू, हे मात्र कोणालेच विचारलं नाही.