जिन्यावरची खुर्ची

४ फेब्रुवारी, मंगळवार

फोन केला नाही. नंबर काढला, घसा खाकरला आणि मग टेबल पुसत बसले. पुसण्यासारखं काही नव्हतंच.

शुक्रवारी त्या कोपऱ्यावरच्या दुमजली घरात बैठक चांगली झाली होती. जिन्याच्या कडेने रूळ, रुळावर खुर्ची, बटण दाबलं की माणूस बसल्याबसल्या वर. मी पायऱ्यांची मापं घेतली, वळणावर टेप धरून ओणवी झाले. थोरला मुलगा एकेक बारकावा विचारत होता. सूनबाई मध्येच म्हणाल्या, "सगळं बाबांसाठीच हो. गुडघे पार गेलेत त्यांचे." बाबा खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत होते. निघताना थोरला म्हणाला, "दोन दिवसांत कळवतो."

ते दोन दिवस केव्हाच सरले. आता फोन केला तर मागे लागल्यासारखं दिसेल, नाही केला तर विसरल्यासारखं. यांच्या मधला बरोबर दिवस कोणता, हे इतकी वर्षं विक्रीत काढूनही मला कळलेलं नाही.

५ फेब्रुवारी

केला! "हो हो मॅडम, लक्षात आहे. घरात जरा बोलतो." आवाज बरा वाटला. की तुटक होता?

नंतर मेसेज पाठवला. "आठवण म्हणून" लिहिलं, ते खोडून "सहज" लिहिलं. पाठवल्यावर वाटलं — सहज! कुणाचा विश्वास बसेल?

७ फेब्रुवारी

साहेबांनी दार लावून घेतलं तेव्हाच ओळखलं. मार्चनंतर शाखेत विक्रीला एकच माणूस ठेवणार. म्हणजे मी, नाहीतर जाहिरात. (समोरच्या टेबलावरचा. पाणी मागतानाही पाण्याचे फायदे सांगतो, म्हणून सगळे त्याला जाहिरातच म्हणतात.)

"तुमचं ते कोपऱ्यावरचं घर कुठवर आलंय? पिकलंय ते, तोडा आता."

ही एक ऑर्डर आली तर मी राहीन, असं बोलले नाहीत. पण तेच होतं.

नवरा म्हणाला, "गेली नोकरी तर गेली, बघू." लेक पुढच्या वर्षी शिकायला बाहेर निघाली आहे. 'बघू'वर कोण प्रवेश देतं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

थोरल्याचा मोबाइल लागेना, म्हणून घरच्या फोनवर केला. बाबांनी उचलला.

"घरात कुणी नाही. मी आहे, पण मला धरायचं नसतं."

मी हसले. हसायला नको होतं.

"तुम्ही त्या टेपवाल्या बाई ना? एक विचारतो. खुर्ची बसवली की मला वर जावंच लागेल का?"

"तुम्हाला जायचं नाही वर?"

"वर काय आहे? पाण्याची टाकी आणि कबुतरं. इथं खिडकीत बसलो की येणारा-जाणारा हाक मारतो. पोरांना ही खोली दुकानाला द्यायची आहे. आजवर जिना चढवत नाही म्हणून अडलंय. गुडघ्यांनीच तारलंय मला, आणि तुम्ही त्यावर इलाज घेऊन आलात!"

"मुलाला सांगा ना स्पष्ट."

"सांगितलं. म्हणतो, होईल सवय. तुम्ही सांगा बाई. बाहेरच्याचं ऐकतात आजकाल."

"बोलते मी," म्हटलं. "या आठवड्यातच येऊन बोलते."

निघून गेलं तोंडातून. विकणारी मी, आणि घेऊ नका म्हणून सांगायला जाणार?

१२ फेब्रुवारी

नाही गेले.

१४ फेब्रुवारी

आजही नाही. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचा मला काय अधिकार? हे मला फारच पटतंय, म्हणूनच शंका येते.

पण ऑर्डरसाठीही फोन केलेला नाही. निदान मी तरी बाबांना वर ढकललं नाही. साहेबांनी विचारलं, तर म्हटलं, "विचार करतायत." खोटं नाही. फक्त कोण, ते सांगितलं नाही.

१८ फेब्रुवारी

जाहिरात म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक थंड पडतंय. मी करू का एक फोन?" "खबरदार!" म्हणून ओरडले. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. बाबांसाठी ओरडले की ऑर्डर त्याच्या हाती जाईल म्हणून? इथं तरी खरं लिहावं — मला माहीत नाही.

घरी सगळं सांगितलं. नवरा चपला काढता काढता थांबला. "म्हणजे घ्या असंही म्हणत नाहीस आणि घेऊ नका असंही म्हणत नाहीस. मग करतेयस काय नेमकं?"

"थांबलेय."

"कशासाठी?"

कढईतलं करपलं, म्हणून सुटले.

२० फेब्रुवारी

वाक्यं पाठ करून निघाले होते. "खुर्ची चांगलीच आहे. पण जो बसणार, त्याला विचारलंत का?" आवाज चढवायचा नाही, हसून म्हणायचं. त्या रस्त्याच्या तोंडापर्यंत गेले. दारात थोरल्याची गाडी दिसली. माझी नोकरी माझ्याच तोंडाने घालवायला निघाले होते!

परत फिरले. फोनवर बोलेन. फोनवर मला नीट बोलता येतं.

२१ फेब्रुवारी

उद्या नक्की.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

थोरल्याचाच फोन. "मॅडम, तुमचं रंगांच्या नमुन्यांचं पुस्तक राहिलंय इथं, घेऊन जा. तुमचा काही फोन नाही, म्हटलं तुम्हाला रस नसेल. दुसऱ्या कंपनीची खुर्ची बसवून घेतली. रविवारी नेलं बाबांना वर."

मी म्हटलं, अभिनंदन. अभिनंदन!

ठेवता ठेवता तो हसत म्हणाला, "बाबांचं तर काही कळतच नाही. इतके दिवस घरातला फोन वाजला की विचारायचे — त्या टेपवाल्या बाईंचा का?"