झाड के खाली

२ एप्रिल
समोरच्या कडुनिंबाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते आहे! आधी वाटलं, भोक बुजवायला कॉलनीनं गवंडी लावला. दुर्बिणीतून पाहिलं तर बाई आतून चोचीनं थापत होत्या. चिखल आणि, लिहू नये पण लिहिते, स्वतःची विष्ठा. चोच जाईल एवढीच फट ठेवली. आता पिल्लं मोठी होईपर्यंत आतच. पुस्तकात वाचलं, आत तिची उडायची पिसंही झडतात. म्हणजे मनात आलं तरी पळता येत नाही. नवरा बाहेरून भरवणार.
माझ्या नवऱ्याला, अच्युतला दाखवलं. म्हणाला, "वा! बिचाऱ्याला घरी शांतता."

१ मे
त्रेचाळीस अंश. तरी नर दिवसभर उंबरं आणतो. गळ्यात साठवतो आणि एकेक वर काढून फटीत देतो. मी अच्युतला चहाचा कप स्वयंपाकघरात नेऊन ठेव म्हटलं, तर त्याचा गुडघा दुखायला लागला.

१९ मे
हरित समितीची बैठक आमच्या हॉलमध्ये. अध्यक्ष अर्थातच अच्युत — मंडीदीपच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर हुकूम सोडायला कुणी उरलं नव्हतं, तेव्हापासून पर्यावरण आहे. पाच जूनला चार इमलीतल्या सरकारी बंगल्यांतले मोठे साहेब येऊन रोपं लावणार. खड्डे? मागच्या वर्षीचे तयार आहेत. मागच्या वर्षीची रोपं वाळली ही केवढी सोय! त्याआधीही तेच खड्डे होते. आमच्या कॉलनीत झाडं रुजत नाहीत, खड्डे मात्र छान रुजलेत.
मंडप कडुनिंबाखाली. कारण सावली तेवढीच उरली आहे.
शेजारची रत्नप्रभा (ग्वाल्हेरची, तिची हिंदी दुधासारखी) चहाच्या वेळी जुना किस्सा काढून पोट धरून हसली. पुण्याहून बदली होऊन आलो त्या पहिल्याच आठवड्यात अच्युत कामगारांना म्हणाला होता, 'सब लोग खाली बैठो.' त्याला म्हणायचं होतं जमिनीवर. इकडे खाली म्हणजे रिकामं. साहेबाचा हुकूम म्हणून बिचारे पाळी संपेपर्यंत रिकामे बसून राहिले.
अच्युत सोडून सगळे हसले.

२८ मे
एम. पी. नगरहून फ्लेक्स आला. 'प्लास्टिक हटाइए.' फ्लेक्स खराब होऊ नये म्हणून त्याला वरून प्लास्टिक.

३ जून
अच्युतचा ठेकेदाराला फोन. तुटका सोफा, पालापाचोळा, कुणीतरी टाकलेलं संडासाचं भांडं, सगळं कडुनिंबाखाली पडलंय. साहेब तिथे बसणार. "झाड के खाली पूरा साफ होना चाहिए," हा फोनवर जोरात. पलीकडून म्हणे लगेच 'हो जाएगा, सर' आलं. अच्युत खूश. हिंदीत काम कसं करून घ्यायचं, यावर मला जेवताना व्याख्यान.

४ जून

भाजी घेऊन परतले तर करवतीचा आवाज. कडुनिंबाची आमच्याकडची बाजू अख्खी साफ, फांद्या रस्त्यावर. सोफा जिथल्या तिथे. आणि करवतवाला चढून खोडाला हात घालणार! पिशवी टाकून धावले. ठेकेदार शांत. म्हणाला, सरांनीच सांगितलं — झाड पूर्ण साफ, जागा खाली.
एवढी वर्षं इथे काढून मला हिंदी सुचेना. मग जे आलं ते ओरडले, "भैया, झाड खाली नहीं है! अंदर माँ है!"
करवत थांबली. तेवढ्यात नर आला. त्याची नेहमीची फांदी नव्हती. हवेत गोंधळला, मग खोडालाच चिकटला आणि फटीत उंबर दिलं. आतून चोच आली. करवतवाल्यानं पाहिलं आणि खाली उतरला. आपल्या मराठीतल्या खाली.
अच्युत चपला घालत आला. मी सांगितलं. "मी खालचं म्हणालो गं," तो म्हणाला. "खालचं." मग त्या मोडक्या सोफ्यावरच बसला. टोमणा माझ्या जिभेवर होता, पण त्याचं तोंड बघून गिळला. फार वाईट वाटलं मला. तिचंही, त्याचंही.

५ जून
तोडलेल्या फांद्यांनी मंडप सजवला. हरित वातावरण! साहेबांना पक्षी दाखवला. साहेब गहिवरले. एका पक्ष्यासाठी समितीनं झाड वाचवलं, असं भाषणात म्हणाले. टाळ्या. अच्युतला ढाल. रोपं जुन्या खड्ड्यांत, फोटो नव्या मोबाइलवर.
अच्युतनं ढाल फ्रिजवर ठेवली. तोंड भिंतीकडे करून.

१० जून
पेपरात फोटो आल्यापासून झाडाखाली जत्रा. सेल्फी, ड्रोन, कुल्फीवाला. नर दूरच्या विजेच्या तारेवर बसतो आणि परत जातो. काल आला नाही, आज दुपारपर्यंतही नाही. आत ती उपाशी.
अच्युत उंबरं गोळा करून आला. शिडी लावली. माझा पोळ्यांचा चिमटा घेतला आणि वर चढला! मी शिडी धरून. चोच बराच वेळ आलीच नाही. मग आली. उंबर गेलं. दुसरंही गेलं. वरून मला म्हणाला, "घेतलं गं." गुडघ्याचा उल्लेख नाही.
मग त्यानं ढालीसकट सगळी जत्रा फाटकाबाहेर काढली. ढाल कुल्फीवाल्यालाच देऊन टाकली.

१५ जून
नर परत येतोय. आज फटीत छोटी चोच दिसली. मोठी नव्हे, छोटी! पुस्तकाच्या हिशेबानं पिल्लं आता उडायच्या बेतात.
पण झाड कललंय. एकाच बाजूला सगळा भार. अच्युतनं दोर लावून ताण दिलाय. रोज सकाळी दात घासायच्या आधी दोर ओढून बघतो.

२१ जून
सकाळी वादळ. दोर तुटले. कडुनिंब आडवा.
अच्युत बनियनवरच धावला. फांद्यांतून आत शिरून, लिंपण फुटलेल्या ढोलीत खांद्यापर्यंत हात घातला. मी फाटकात थांबले, पुढे जाववेना. हात बाहेर आला तर मूठभर पिसं आणि उंबराच्या बिया.
"खाली!" तो तिथून ओरडला.
मला कळेना. झाड खाली आलं ते दिसतच होतं. मग पलीकडच्या आंब्यावरून धनेशांच्या किंचाळ्या ऐकू आल्या, एकाच्या नव्हे, तिघाचौघांच्या.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला तो शब्द हिंदीत बरोबर जमला.