डा आणि उ

९ मार्च, रविवार, दुपार

दादा,

नमस्कार. 'पाया पडते' असं लिहिणार होते, पण गोदीतल्या माझ्या पहिल्याच दिवशी तू बजावलं होतंस, की पाया पडायच्या आधी पायाखाली काय आहे ते बघावं. ती सवय अजून गेलेली नाही. इकडे आम्ही ठीक आहोत. आईचा गुडघा चालत नाही, पण तोंड चालतं, त्यामुळे काळजी करू नकोस. बुधवारी वहिनीचा फोन आला होता. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी मोठी बातमी. आपलं विमानवाहू जहाज तयार झालं. येत्या चोवीस तारखेला ते पहिल्यांदा स्वतःच्या इंजिनांवर समुद्रात जाईल. तू पेपरात वाचलं असशीलच, पण पेपरवाल्यांनी लांबी-रुंदी छापून हात झटकले. आतलं मी सांगते. गेल्या नऊ वर्षांत मी फोनवर जहाजाचं नाव काढलं की तू लगेच 'तिकडे हवा कशी आहे' यावर येतोस. पत्रात तुला ते जमणार नाही, हा पत्राचा मोठाच फायदा.

तर ऐक. विमानाला धावायला मैदान लागतं, आणि आपल्याकडे सगळं मिळून अडीचशे मीटर. म्हणून पुढचं टोक वर उचललंय. विमान धावत येतं, चढ चढतं आणि तिथूनच हवेत जातं. आईला मी समजावलं, की उलटी लावलेली घसरगुंडी आहे असं समज. ती म्हणाली, "म्हणजे पोरं वरून खाली पडणार!" उतरायची पट्टी मात्र तिरकी आखलीय. तुझ्याच वेळी तिच्या रेघा पहिल्यांदा कागदावर आल्या होत्या. एखाद्याचं उतरणं चुकलं तर तो समोर उभ्या असलेल्या विमानांवर न आदळता बाजूने पुन्हा उडून जाऊ शकतो. पट्टीवर तीन पोलादी दोर आडवे ताणलेत. विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यातल्या एकात अडकला, की ताशी दोनशेच्या वेगाने आलेलं धूड दोन-तीन सेकंदांत थांबतं. मग पंख मिटायचे, लिफ्टमध्ये बसायचं आणि खालच्या हॉलमध्ये जायचं. तिथे अशी वीस विमानं दाटीवाटीने मावतात. तुमच्या लग्नात आपण त्या दोन खोल्यांत पाहुणे झोपवले होते ना, तसंच.

चौदा मजले, तेवीसशे खोल्या, सोळाशे माणसं. चार टर्बाइन, पूर्ण भरलेलं जहाज ताशी पन्नास किलोमीटरने ओढणाऱ्या. ऑपरेशन करता येईल असं इस्पितळ. बायकांच्या वेगळ्या केबिन, आणि त्या आधीपासून नकाशात होत्या, मागाहून ठिगळ लावल्यासारख्या नाहीत. पोलादसुद्धा आपल्याच भट्ट्यांमधलं. आठवतं, बाहेरच्यांनी पोलाद द्यायला ऐन वेळी नकार दिला तेव्हा तू म्हणाला होतास, "बरं झालं, आता शिकावं लागेल"? शिकले सगळे. पहिल्या वर्षी प्लेटा वाकायच्या, आता वाकत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाच्या त्या आडव्या भिंती. एका खणात पाणी शिरलं तरी शेजारचा खण कोरडा राहिला पाहिजे. म्हणून भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक केबलचं आणि प्रत्येक पाइपचं भोक मोजून-मापून आणि गच्च बंद. गेल्या महिन्यात एकेक खण हवा भरून तपासला. एकेचाळीस नंबरच्या ब्लॉकमधली भिंतही तपासली. सुईच्या टोकाएवढी गळती नाही.

एकेचाळीस. लिहिलं एकदाचं.

आता वहिनीचा फोन. ती सहज बोलत होती, माझ्या भाच्याची परीक्षा, तुमच्याकडचं पाणी, तुझं पंपदुरुस्तीचं दुकान. मग हसत म्हणाली, "ह्यांचं एक खूळ तुला माहीत आहे का? आंघोळ झाली की आधी पेन शोधतात. डाव्या हातावर 'डा' लिहितात, उजव्या हातावर 'उ'. मगच दुकान उघडतात. गिऱ्हाइकं चेष्टा करतात, पण ऐकतील तर शपथ." मी विचारलं, कधीपासून? "गोदी सोडल्यापासून," म्हणाली.

ती हसत होती. मी काहीतरी कारण सांगून फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन रडले. आई बाहेरून दार वाजवत होती.

दादा, तुला अख्ख्या गोदीत कुणी डाव्या-उजव्यात पकडू शकलं नव्हतं. तूच शिकवलंस, की डावं-उजवं आपलं नसतं, जहाजाचं असतं. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभं राहायचं आणि मग बघायचं. आणि जहाजाचा सुटा तुकडा, म्हणजे ब्लॉक, उलटा बांधत असले, तळ वर नि छत खाली, तर तुझ्या उजव्या हाताला येईल ते जहाजाचं डावं. वेल्डिंग खाली बघत करता यावं म्हणून उलटा बांधतात आणि मग दोन क्रेन लावून सुलटा करतात, हेही तूच सांगितलंस. मी मान डोलावली होती. मान डोलवायला मी पहिल्यापासून हुशार.

त्या दिवशी सकाळी एकेचाळीसच्या भिंतीवर तू खडूने लिहून गेलास. एका टोकाला 'डा', दुसऱ्या टोकाला 'उ'. 'डा'कडे केबलची भोकं, 'उ'कडे पाइपांची. अक्षरं बघूनच गॅसकटरवाला कापणार होता. दुपारी जेवून मी तिथे गेले. नाळेकडे तोंड केलं. 'डा' माझ्या उजव्या हाताला. मला वाटलं, दादाची चूक झाली! तुला साहेबांची बोलणी बसू नयेत म्हणून मी इकडेतिकडे बघितलं, बाहीने दोन्ही अक्षरं पुसली आणि अदलाबदल करून लिहिली. ब्लॉक उलटा आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. त्याआधी महिनाभर आपण सुलट्या ब्लॉकवर काम करत होतो, एवढंच काय ते कारण. उलट मी खूश होते. दादाला वाचवलं म्हणून.

तू संध्याकाळी कापायच्या परवानगीच्या कागदावर सही केलीस. पुन्हा बघायला गेला नाहीस, कारण सकाळी तूच लिहिलं होतंस.

दहा दिवसांनी ब्लॉक सुलटा झाला आणि केबलच्या जागी पाइप, पाइपांच्या जागी केबल. भिंत कापून नवी बसवेपर्यंत अकरा आठवडे काम अडलं. खडू तोवर कधीच उडाला होता, राहिली होती फक्त भोकं. त्या रात्री जेवताना तू मला विचारलंस, "तू दुपारी तिथे होतीस ना? अक्षरं कुठल्या बाजूला होती, आठवतंय?"

मी म्हटलं, "मी नाही बघितलं, दादा."

मी तेव्हा हंगामी होते. पुढच्या महिन्यात कायम होणार होते. हे मी नऊ वर्षं स्वतःला सांगितलं, आणि दर वेळी ते आधीपेक्षा जास्त लाजिरवाणं वाटलं. तू चौकशीत म्हणालास, "सही माझी, चूक माझी." ते तुला भांडारात बदली द्यायला तयार होते. तू राजीनामा दिलास. म्हणालास, ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याने जहाज बांधू नये. मी दाराशीच उभी होते, सगळं ऐकत.

तुझं काहीही चुकलं नव्हतं. सकाळी तू बरोबरच लिहिलं होतंस.

हे वाक्य मी दोनदा लिहिणार होते, पण तू एकच वाक्य दोनदा वाचणारा माणूस आहेस, म्हणून एकदा पुरे.

पुढचं ऐक, हसू येईल. त्यानंतर मी आखणीत नियम आणला, की दुसऱ्याचा खडू पुसायचा नाही. शंका आली तर भोवती गोल करायचा, शेजारी आपलं नाव लिहायचं आणि ज्याचा खडू त्याला बोलवून आणायचं. आता सगळी गोदी हे पाळते. त्याबद्दल मला दोनदा शाबासकी मिळाली आणि गेल्या वर्षी तुझी खुर्ची. मी आखणी-प्रमुख झाले तेव्हा तू फोनवर म्हणालास, "शाब्बास धाकटे." तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

गुरुवारी मी मुख्य अभियंता बाईंकडे गेले. सगळे त्यांना पाठीमागे टाचणी म्हणतात. पेन्सिलीला टोक करता करता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नऊ वर्षं काय करत होतात?"

"घाबरत होते."

"आणि आता भीती गेली?"

"नाही. पण त्याला रोज हातावर लिहावं लागतंय, बाई."

काय लिहावं लागतंय ते सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, "चौकशीच्या कागदावर दुरुस्ती जाईल, तुमच्या सहीने. प्रमुखपद जाईल." मी हो म्हटलं. "आणि चोवीस तारखेला जहाजावर जाणाऱ्यांच्या यादीतलं नावही."

ते मात्र लागलं, दादा, खोटं कशाला बोलू? दहा वर्षं ज्याची हाडं मोजली ते जहाज पहिल्यांदा पाण्यावर निघणार आणि मी धक्क्यावर. पण तोंडातून निघून गेलं, "ती जागा रिकामी ठेवू नका. ज्याने आम्हाला आखणी शिकवली त्याला न्या."

"तो येईल?"

"माहीत नाही."

"एकोणीसपर्यंत कळवा. लिहिलेलं नाव खोडायला मला आवडत नाही." त्यांनी माझ्यासमोर तुझं नाव यादीत लिहिलं. पेनने.

सोबत दुरुस्तीच्या कागदाची प्रत आहे. उद्यापासून माझ्या हातात पुन्हा खडू. काही वाईट नाही, खडूवर हात बसलेलाच आहे.

वर लिहिलं की आम्ही ठीक आहोत आणि आईचं तोंड चालतंय, ते खरं नाही. काल संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी त्याला लिही, मग माझ्याशी बोल." तेव्हापासून घरात तिच्या भांड्यांचाच आवाज. आत्ताच चहा आणून टेबलावर आदळून गेली. पण साखर बरोबर घातली होती.

मला तुझी माफी हवी आहे. खूप हवी आहे. पण ती नंतर दिलीस तरी चालेल, नाही दिलीस तरी तू ये. माझ्यावरचा राग जहाजावर काढू नकोस, त्याने काही केलेलं नाही. दारावर तुझं नाव सांग, ते आत सोडतील. चौथ्या मजल्यावर, एकेचाळीसच्या भिंतीपाशी जा. आता सगळं सुलटं आहे. नाळेकडे तोंड करून उभा राहा. डावीकडे केबल आहेत, उजवीकडे पाइप. तू त्या सकाळी लिहिलं होतंस, तसंच.

मी धक्क्यावर असेन. कुठल्या बाजूला ते सांगत नाही, तुला कळेल.

आणि त्या दिवशी आंघोळ झाल्यावर पेन शोधू नकोस. हात स्वच्छ धुऊन ये.

तुझी
धाकटी