मांजरीच्या पोटातले केस

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, आणि आज तुमची आठवण आली ती मांजरीच्या ओकारीमुळे. यापेक्षा बऱ्या निमित्तानं यावी, असं तुम्ही मागे काही ठेवलेलं नाही.

माझी मांजर लांब केसांची, खाण्याची भारी नखरेल. उकडलेल्या मासोळीशिवाय कशाला तोंड लावत नाही. गेल्या आठवड्यात पोट आत ओढून ओढून तिनं केसांचा ओला गोळा ओकला. मी घाबरून तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण म्हणाली, "अंग चाटते ना ते, केस पोटात जाऊन राहिले. रोज फणी फिरवा. पाणी जास्त जाऊ द्या. मासोळीत उकडलेलं कोहळं, लाल भोपळा हो, चिमूटभर कालवा, मग हळूहळू वाढवा. पण खाणंच सोडलं तर वाट पाहू नका, लगेच आणा." बस्, एवढंच.

एवढ्यासाठी तुम्ही काय केलंत? मी दहा वर्षांची होते. एकोडीच्या घरी तुम्ही जेवायला बसला आहात, आणि आईची पांढरी मांजर तुमच्या पाटाशेजारी तसलाच गोळा ओकते. तुम्ही ताट ढकलता. "रोगी झालं हे. सोडून येतो."

"अवो, केस गेले असतील पोटात," आई म्हणते. "मुकं जनावर, कायले नेता?"

"तुले काय समजते? डॉक्टर हायेस काय?"

गावातले लोक आजारी बैल घेऊन तुमचा सल्ला विचारायला यायचे. इतके शहाणे तुम्ही! भंडाऱ्याला कचेरीत काम होतंच, म्हणून मांजर पोत्यात घालून एसटीत बसलात आणि वाटेत कारध्याला उतरून तिला सोडलंत. दुसऱ्या दिवशी आई जन्मात पहिल्यांदा एकटी एसटीत बसली. कारध्यात दारोदार विचारून दिवस मावळताना रिकाम्या हातानं परतली. तुम्ही खाटेवरूनच विचारलंत, "भात टाकतेस का नाही?" तिनं टाकला. ती बरोबर होती, हे तिला कोणीच कधी सांगितलं नाही. तुमच्या त्या रुबाबाची मला तेव्हा भीती वाटायची. आता कीव येते म्हणावं, तर तेवढीही येत नाही.

काल माझ्या मांजरीनं कोहळं लागलेली मासोळी तशीच सोडली. मी कोहळं कमी करून पुन्हा कालवलं, बोटावर घेऊन चाटवलं. अर्ध्या तासानं खाल्लं तिनं. अंगावर फणी फिरवू लागले तर डोळे मिटून पडून राहिली.

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहूनच टाकते. आई गेल्यावर, तुमच्या शेवटच्या महिन्यात, तुमचं जेवण माझ्याकडे होतं. मी ताट ठेवायची, तसंच उचलून न्यायची. "भात थोडा मऊ करून दे," असं एकदा तुम्ही भिंतीकडे तोंड करून, अगदी हळू म्हणालात. दुसऱ्या दिवशीही ताटात भात तसाच फडफडीत होता. मला ऐकू आलं होतं, बाबा.